खोकल्याची शिकवणी
गच्चीवर उन्हात घातलेल्या उशांना तापलेल्या कापसाचा वास आला की हृदयाची झडप बदलून ग्वाल्हेरहून झाशीला घरी आलो, ते दिवस आठवतात. छातीचं हाड तारेने शिवलेलं, ते उसवेल या भीतीने मी खोकतच नव्हतो. कफ साठून ताप चढला. डॉक्टर फोनवर म्हणाले, “बाबूजी, खाँसिए, नहीं तो फिर भर्ती करना पड़ेगा.” मी बायकोला म्हटलं, “राहू दे गं, अंगात त्राण नाही.” तिने एक उशी माझ्या छातीशी दिली आणि दुसरी कवटाळून समोर बसली. “मी खोकते, तुम्ही मागोमाग खोका.” खोटं खोकताना तिला खराच ठसका लागला. मला हसू फुटलं, छातीत कळ उठली आणि त्यासरशी कफ सुटला. हाड जागेवरच होतं. दम खाऊन मी डोळे उघडले, तर ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. महिनाभर ती माझ्यासाठी जागत होती, हे मला तेव्हा उमगलं. सावकाश उठून मी तिच्या अंगावर चादर घातली. तेवढ्यानेही दमलो आणि तिच्याशेजारी बसून राहिलो. आता मी रोज लक्ष्मी ताल या तलावापर्यंत चालून येतो. तिचा थकवा गेला का, हे मात्र अजून विचारलेलं नाही.