आरोपी ऐकत न्हाई

तात्यांना तोंडी सांगितलेलं काही पटत नसे. कशालाही त्यांचा पहिला प्रश्न एकच, "कागदावर हाय का?" माझ्या मुलीच्या लग्नाचं मी समक्ष आमंत्रण दिलं, तर म्हणाले, "पत्रिका आली की येतो." आले ते पत्रिका खिशात घालूनच, आणि मुहूर्त सात मिनिटांनी टळला तेव्हा ती भटजींपुढे धरली.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लोखंड ओतण्याचा कारखाना. माणदेशातून आलेले तात्या तिथे भट्टीवर एकतीस वर्षं होते आणि कामगार संघटनेचे सरचिटणीसही होते. मी कार्मिक विभागात कारकून. कुणाची चौकशी लागली की तिचं इतिवृत्त लिहायचं काम माझं.

वितळलेल्या लोखंडाजवळ कुणी पिऊन जाऊ नये म्हणून गेटवर श्वास तपासण्याचं यंत्र बसलं. शून्याच्या वर आकडा आला की यंत्र वाजायचं आणि आरोपपत्र निघायचं. तात्यांनी विरोध केला नाही. ते स्वतः थेंबाला शिवत नसत. पण मुकादमाशी भांडलेल्या एका कामगाराला पाच वेळा फुंकायला लावलं गेलं. चार वेळा शून्य आलं, पाचव्यांदा तीन. मग पुढच्या करारात तात्यांनी कलम घालून घेतलं: एका पाळीत एका कामगाराची चाचणी एकदाच.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी चौऱ्याऐंशी जण फुंकून आत गेले. पंच्याऐंशीवे तात्या. यंत्र वाजलं. आकडा बारा.

गेटवरचे शिंदे हवालदार पलटणीतून निवृत्त झालेले, पण तेच घाबरले. "तात्या, काय घिऊन आलायसा?"

"आंबील. ह्ये काय, आत्ताच गेटाबाहेर डबा उघडून प्यालो. दोन दिसांची हुती, लय आंबली हुती."

ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील! शिंदे म्हणाले, "चूळ भरा, पंधरा मिन्टं बसा, परत फुंका. शून्य येतंय बगा."

आमच्या कार्मिक अधिकारी निकम मॅडम धावत आल्या. "तात्या, तुम्ही पीत नाही हे मला माहीत आहे. परत फुंका आणि विषय संपवा."

"एकदाच, मॅडम. कलमाखाली सही तुमचीच हाय."

"अहो, पण ते कलम तुमच्या संरक्षणासाठी आहे ना?"

"माज्या एकट्याच्या न्हाई, समद्यांच्या. आज मी सुटायला दोनदा फुंकलो, तर उद्या कुनाला अडकवायला धा येळा फुंकायला लावशिला."

चौकशी लागली. या आरोपाची शिक्षा बडतर्फीपर्यंत जात होती आणि तात्यांच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. चौकशी अधिकारी म्हणून बाहेरचे एक वकील आले. नियमाप्रमाणे आरोपीची बाजू सरचिटणीसानं मांडायची. तात्यांनी दोन खुर्च्या मागितल्या.

एका खुर्चीवरून त्यांनी विचारलं, "तुमी दारू पिता का?" उठून दुसऱ्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "न्हाई जी." वकिलांनी जरा आवाज चढवला, तर पहिल्या खुर्चीवर परत येऊन म्हणाले, "आरोपीला दमात घिऊ नका." मी सगळं लिहीत होतो. दीड तासात त्यांनी सव्वीस वेळा खुर्ची बदलली.

शेवटी वकील थकले. "प्रतिनिधी महाशय, दुसरी चाचणी त्याच दिवशी का दिली नाही, ते आरोपीला नीट विचारा. उद्याच्या पाळीत सर्वांसमोर एक जादा चाचणी द्यायला तयार असतील, तर मी प्रकरण बंद करतो."

तात्यांनी आरोपीशी सल्लामसलत करायला पाच मिनिटं मागितली आणि एकटेच व्हरांड्यात गेले. खिडकीतून दिसत होतं. हातवारे करत होते, एकदा कपाळावर हातही मारून घेतला. परत येऊन प्रतिनिधीच्या खुर्चीवर बसले.

"साहेब, मी लय समजावलं. आरोपी ऐकत न्हाई."

बडतर्फी टळली. चार दिवस निलंबन झालं आणि सेवापुस्तकात शेरा पडला: मद्यसेवन आढळले. तो शेरा मी लिहिला. खोटा आहे हे पक्कं ठाऊक असताना केलेली माझ्या नोकरीतली ती एकमेव नोंद. तात्यांनी वाचून खाली सही केली आणि म्हणाले, "अक्षर झ्याक हाय." तात्यांच्या घरी काकूंनी मात्र आठवडाभर तोंड फुगवलं होतं. त्यांचं म्हणणं, बट्टा तात्यांना नाही, आपल्या हातच्या आंबिलीला लागला.

त्यानंतर गेटवर कुणालाही दुसऱ्यांदा फुंकायला सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.

अकरा महिन्यांनी तात्या शेवटच्या पाळीला आले. गेटवर हार, पेढे, सगळी पाळी जमलेली. त्यांनी फुंकलं. शून्य. टाळ्या झाल्या. निकम मॅडम मोबाइल सावरत पुढे आल्या. "तात्या, फोटो हुकला हो! परत एकदा फुंकता का? फक्त फोटोसाठी."

"फोटोसाठी जादा फुंकायचं, हे कागदावर हाय का?"

मॅडमनी हसून मान हलवली. "नाही."

मग त्यांनी तसाच काढलेला फोटो माझ्याकडे आहे. यंत्राची नळी शिंद्यांच्या हातात, हार तात्यांच्या गळ्यात, आणि तात्यांचं तोंड घट्ट मिटलेलं.