पडद्याच्या आत कॅमेरा

पालेगावच्या अंगाला, नव्या टॉवरांच्या मागे, पुतळाबाईंचा पाडा आहे. सासऱ्यांच्या भातजमिनीवर आता सोळा मजले उभे आहेत आणि त्यांच्या सावलीत गावदेवीचं लहानसं देऊळ. सासू गेली तेव्हा देवीला न्हाऊ घालायचा मान बाईंकडे आला, त्याला एकतीस वर्षं झाली. दर मंगळवारी सकाळी त्या ओलेत्याने देवळात जातात आणि जाड लाल पडदा ओढून घेतात. देवीचं लुगडं उतरल्यापासून नवं नेसवेपर्यंत कुणी म्हणजे कुणी आत डोकवायचं नाही. सगळं झालं की बाई स्वतःचं ओलं लुगडंही तिथेच बदलतात. सासूही तसंच करायची.

यंदा लांबच्या एका शहरात स्फोट झाला. टीव्हीवर आठवडाभर तेच. मग पोलीस चौकीत देवळांच्या ट्रस्टींची मीटिंग झाली, कॅमेरे लावा म्हणून. ट्रस्टचा अध्यक्ष अनंता, म्हणजे बाईंचा चुलतपुतण्या. त्याने शेजारच्या बिल्डरकडून चार कॅमेरे फुकट मिळवले. तीन बाहेर लागले. चौथा गाभाऱ्यात, पडद्याच्या आत.

"अनंता, यो आत कनाला लावलास रं?"

"काकी, वरून ऑर्डर हाय. अतिरेकी काय सांगून येतो?"

"पडद्यामागं कंचा अतिरेकी? आत मीच असतंय."

"मग तुलाच घाबरत असतील!"

जमलेले ट्रस्टी हसले. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी कॅमेरा राहू दिला. त्यांची समजूत अशी की कॅमेऱ्यातलं चित्र कॅमेऱ्यातच राहतं. चोरी झाली तरच पोलीस येऊन उघडून बघणार.

बाई रोज टॉवरच्या गेटाशी भाजी घेऊन बसतात. एका बुधवारी साइटवरचा सुपरवायझर सुजित माठाची जुडी घ्यायला आला. सरळ माणूस, येता-जाता हात जोडणारा.

"आजी, काल हिरवी साडी काय शोभली देवीला! आधी पिवळी उघडली होती ना तुम्ही? मग घडी करून ठेवलीत."

बाईंचा हात जुडीवरच राहिला. "तुला कुनी सांगितलं?"

"बिल्डरच्या ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर दिसतं ना. साहेबांच्या मोबाइलवर पण आहे. आम्ही तिथूनच पाया पडतो."

त्याने हे मनापासून, भक्तीने सांगितलं. त्यामुळे बाईंना त्याच्यावर ओरडताही आलं नाही. त्यांनी पाटी उचलली आणि घरी आल्या. सात मंगळवार झाले होते कॅमेरा लागून. सात वेळा त्यांनी त्या डब्याखाली लुगडं बदललं होतं. सून नूतनने जेवायला हाक मारली तर म्हणाल्या, "ताट नको वाढू. मना आज अन्न गोड लागायचं नाय."

पुढच्या मंगळवारी त्या स्टुलावर चढल्या आणि कॅमेऱ्याला जाड फडकं गुंडाळून सुतळीने आवळून बांधलं. संध्याकाळी चौकीतून बोलावणं आलं. ट्रस्टने तक्रार दिली होती, सुरक्षेच्या कामात अडथळा आणला म्हणून.

नूतन उल्हासनगरला एका वकिलाकडे टायपिंग करते. ती बरोबर गेली. अनंता आधीच येऊन बसला होता.

चौकीतले साहेब तसे समजुतीने बोलले. "आजी, माफीनामा लिहून द्या, विषय संपला. नाहीतर मला गुन्हा नोंदवावा लागेल."

"साहेब, कॅमेऱ्यांचा तो आदेश बघू का?" नूतनने विचारलं.

कागद आला. तिने तो मोठ्याने वाचला. दर्शनी दरवाजा, बाहेर पडायचा रस्ता, गाड्या लावायची जागा. चित्रण तीस दिवस जपून ठेवायचं, मागितल्यास पोलिसांना द्यायचं.

"यात गाभारा कुठे आहे? आणि बिल्डरच्या ऑफिसने बघायचं, हे कुठे आहे?"

"बघू नये असंही लिहिलेलं नाही, ताई. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. लपवायचं काही नसेल तर घाबरायचं कशाला?"

तेव्हा बाई खुर्चीतून उठल्या.

"लपवायचं हाय ना! माझं अंग हाय, माझी देवी हाय. ती काय नाक्यावर मांडू? तुमच्या घरी न्हाणीला दार हाय का नाय, साहेब? त्या दाराआड बसून तुम्ही बॉम्ब करता का?"

साहेबांनी माफीनाम्याचा कागद पुढे सरकवला. अनंता पुटपुटला, "काकी, आवाज कमी कर."

"तू गप! देवीचा रखवालदार म्हणवतोस आन् तिला परक्या पुरुषांच्या मोबाइलात ठेवतोस!"

सही न करता त्या बाहेर पडल्या. दुसऱ्याच दिवशी ट्रस्टने त्यांचा मान काढून घेतला. फडकं सोडलं गेलं आणि पुढच्या मंगळवारसाठी अनंताने आपल्याच बायकोला, वैदेहीला, तयार केलं.

तो मंगळवार आला. बाई देवळाच्या पायरीवर बसून होत्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या पडद्याच्या बाहेर होत्या. वैदेही ओलेत्याने आली, आत गेली, पडदा ओढला. घटकाभराने पडदा सरकला. ती भरलेली घागर हातात घेऊन तशीच उभी.

"काय झालं?" अनंता म्हणाला.

"आधी सांगा, आता कोण-कोण बघतंय मना?"

"कोण नाय गं, तू घाल ना—"

"तुमचा मोबाइल द्या इकडे. त्यात गाभारा दिसतो का, बघू दे."

जमलेल्या बायकांनी माना वळवल्या. अनंताने मोबाइल खिशातून काढला नाही. वैदेहीने घागर त्याच्या पायाशी ठेवली आणि ती घरी निघून गेली. पाड्यातली दुसरी एकही बाई पुढे झाली नाही.

देवी दुपारपर्यंत पारोशी राहिली. अखेर अनंताने बोलावलेला इलेक्ट्रिशियन आला आणि कॅमेरा काढून बाहेर दरवाजाच्या वर लावून गेला. दोन वाजता अनंता पायरीशी आला. "चल काकी, घाल अंघोळ. झालं ना तुझ्या मनासारखं?"

बाईंनी देवीला न्हाऊ घातलं, कुंकू लावलं, तिची क्षमा मागितली. तक्रार चौकीत तशीच पडून आहे. माफीनामा त्यांनी आजतागायत दिलेला नाही.

बाहेर येताना त्यांनी मान वर करून दरवाजावरच्या डब्याकडे पाहिलं. खालून पाड्यातल्या लेकीसुना ये-जा करत होत्या.

"नूतन, अर्ज लिही," त्या म्हणाल्या. "ह्या दारातून जाणाऱ्या बायांना कोण बघतंय, त्यांची नावं पायजेत. तोंडी नको. कागदावर, सही-शिक्क्यानिशी."