ह्यांचं ट्रम्पेट आणि ह्यांचं लिहिणं

आमचे हे ट्रम्पेट वाजवायचे. लग्नाच्या वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत, नाताळात चर्चपुढं, आणि दर शनिवारी खराडीच्या एका मोठ्या हॉटेलात जॅझ. कॉम्प्युटरवाली पोरंपोरी तिथं जेवायला यायची. जॅझ मला अजून नीट कळलेलं नाही, गाणं घरातून निघतं आणि परत यायचं विसरतं, पण त्या शनिवारांवर आमचं खडकीतल्या खोलीचं भाडं निघायचं, म्हणून मला ते फार आवडायचं.

घरी सराव करताना बाळ उठू नये म्हणून हे ट्रम्पेटच्या तोंडात बाळाचंच टोपडं कोंबायचे. इथपर्यंत ठीक. पण ह्यांना पेपरात लिहायचीही खोड. एका रविवारी छापून आलं, की खराडीच्या हॉटेलात लोक सूप एवढ्या जोरात पितात की ट्रम्पेट ऐकू येत नाही, आणि मॅनेजरला वाटतं मी वरातीतून चुकून आत आलोय.

मॅनेजरनं बोलावलं, तर हे तिथं आणखी काय बोलतील ह्या धास्तीनं मीपण बाळाला कडेवर घेऊन मागं गेले.

त्याच्या हातात तोच पेपर. मी आत शिरतानाच सुरू झाले, "साहेब, हे लिहितात, पण ह्यांच्या मनात काही नसतं हो!"

"मनात आहे म्हणूनच लिहिलं," हे म्हणाले.

तेवढ्यात एसीनं बाळ शिंकलं. मी टोपड्यासाठी पिशवी उपसायला लागले, तर ह्यांनी हातातली पेटी उघडून ट्रम्पेटमधून ते काढून दिलं.

मॅनेजर बघतच राहिला. "हे आत होतं?"

"रोज असतं. तुमच्या सूपवाल्यांपेक्षा आमचं बाळ कडक आहे."

"शनिवार हवा असेल तर छापायच्या आधी मला दाखवायचं."

ह्यांनी पेटी बंद केली. गेलं भाडं! माझ्या तोंडून निघालं, "मी वाचते ना साहेब! मी हो म्हटल्याशिवाय पेपरात जाणार नाही!"

हे म्हणाले, "हिला दाखवीन. तुम्हाला नाही."

मॅनेजरला ते चाललं. माझी शाळा पाचवीत सुटली हे त्याला काय ठाऊक.

मग मी बोट ठेवून एकेक अक्षर लावत बसायचे, मधेच दूध उतू जायचं, मधेच बाळ कागद चघळायचं, आणि पान संपेपर्यंत रविवार निघून जायचा.

"अगं, पुढच्या वर्षी छापायचंय का?"

"थांबा हो, जोडाक्षर आलंय."

शनिवार टिकले. आता हे मी लिहिलंय ते मात्र ह्यांना दाखवलेलं नाही. ह्यांचं वाचन फार भराभर आहे.