कोरड्या नदीकाठचा पाला

नोरीनच्या हाताला गुण आहे, असं सगळी वस्ती म्हणते. इमूबुशच्या झुडपाचा चिकट पाला चरबीत कढवून तिने चोळला की भरलेली छाती मोकळी होते. बाई मात्र महाफटकळ. दवाखान्यातल्या नर्सलासुद्धा सोडायची नाही. पण औषधं चालू असूनही नात शोंटेलची घरघर थांबेना, तेव्हा तिचं तोंड आपोआप बंद झालं.

दुष्काळात जवळची झुडपं वाळून गेली होती. हिरवा पाला उरला होता एकाच जागी, कोरड्या नदीच्या वळणावर. तिथेच नोरीनची धाकटी बहीण वारली होती. तेव्हापासून तिकडे कोणी फिरकत नव्हतं, आणि बहिणीचं नावही कोणी काढत नव्हतं. मेलेल्याचं नाव घेतलं की तो मागे वळतो.

बहिणीची मुलगी लविनिया गाडी घेऊन आली. "मावशी, त्या जागेला अजून धूर दिलेला नाही. धुराशिवाय गेलेलं माणूस जागा सोडत नाही."

"तोवर पोरीचा श्वास थांबून राहणारे का? चल, मुकाट्याने चालव."

वळणावर उतरून नोरीनने रीतीप्रमाणे तिथल्या पूर्वज बायांना मोठ्याने सांगितलं, "मी आलेय गं बायांनो, इथलीच लेक. नातीसाठी पाला हवाय. जास्त नेत नाही."

वारा अगदी पडला होता. ती खुडू लागली. जन्मभर ती खुडायची आणि बहीण डबा धरायची. झग्याचा ओचा भरला तशी सवयीने तिने बहिणीला नावानिशी हाक मारली, "डबा आण गं!"

लविनियाने तिचा दंड धरला. "मावशी! काय केलंस हे?"

झुडपांमागे पत्रा वाजला. येताना मोकळी असलेली वाट आता मोकळी नव्हती. मधोमध एक जुना डबा होता, कोवळ्या शेंड्यांनी भरलेला. शेंडे नखाने खुडलेले, बहीण खुडायची तसे.

"हात लावू नकोस," नोरीन पुटपुटली. दोघी वळसा घालून गाडीत बसल्या. मागे कोणी पाहिलं नाही.

नोरीनने स्वतः खुडलेला पाला कढवून नातीची छाती चोळली. सकाळी शोंटेल उठून बसली आणि चहा-पाव मागू लागली.

"मेले, जीव काढलास की माझा!" नोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आजी, छाती तू चोळलीस, पाठ त्या दुसऱ्या आजीने. हात किती गार तिचे!"

"कुठली दुसरी आजी?"

"डबेवाली. तुझ्यासारखीच दिसते. म्हणाली, तिला विचार, हाक मारलीस आणि न भेटताच कशी गेलीस?"

नोरीनने नातीला जवळ ओढलं. हाकेला आलेली मेलेली माणसं रिकाम्या हाताने परत जात नाहीत, हे तिला ठाऊक होतं. आणि तरी तिला बहीण हवी होती, फार हवी होती.

उरलेला पाला तिने निखाऱ्यांवर टाकला. ज्याने माणूस बरा होतो, त्याच्याच धुराने गेलेल्याला वाटेला लावतात.

"जा गं आता," ती म्हणाली. नाव घेतलं नाही.

दाराबाहेर पत्रा वाजला. नोरीनने नातीचे कान दोन्ही हातांनी झाकले. स्वतःचे उघडेच ठेवले.