नासलेलं गाणं

यूनुसभाईंच्या तोंडी इंग्रजी शब्द दोनच, ‘फ्यूज’ आणि ‘बॅटरी’. ऐकायचे मात्र साठच्या दशकातली इंग्रजी गाणी! माणूस रत्नागिरीकडचा, जयगडचा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात मोटारींच्या वायरिंगचं गॅरेज चालवायचा. तरुणपणी बोटीवर असताना त्या लांब केसवाल्यांच्या गिटारी कानात शिरल्या, त्या कायमच्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. मध्येच सतार काय वाजते, गाणारा विहिरीत पडल्यासारखा काय ओरडतो! माझ्या मुलीने, पर्णिकाने, एकदा शब्द नीट ऐकले आणि म्हणाली, “अंकल, इट मेक्स नो सेन्स!”

“बेटा, सेन्स गाडीला लागतो. गाण्याला नाही,” यूनुसभाई म्हणाले.

ही गाणी त्यांनी पाच वर्षं, दर शुक्रवारी दुपारी, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून एकाच कॅसेटवर जमवली होती. सगळ्यात शेवटचं त्यांचं सर्वांत लाडकं. ते लागलं तेव्हा आनंदाच्या भरात हे स्वतःच गुणगुणायला लागले आणि तेही आत भरलं गेलं. “माझ्या रेड्यासारख्या आवाजाने गाणं नासलं, भानुदासशेठ,” असं मला शंभरदा तरी ऐकवलं असेल. कॅसेटच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. यांनी ते मुद्दाम मोडले नव्हते. गाणं परत लागलं की स्वच्छ भरून घ्यायचं होतं ना!

तिथेच घात झाला. यूनुसभाई गावी पत्र लिहीत नसत, कॅसेटवर बोलून पाठवत. बदरुन्निसाभाभी ती ऐकून त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरत आणि परत धाडत. चौऱ्याण्णव साली शेजारच्या गॅरेजातले अलीमियाँ रजेवर निघाले, तेव्हा घाईघाईत यूनुसभाईंनी त्यांच्या हातात गाण्यांचीच कॅसेट ठेवली. चूक कळेपर्यंत अलीमियाँ जयगडला पोचले होते आणि गावातला एकुलता एक फोन बंद पडला होता. महिनाभर या माणसाला जेवण गोड लागलं नाही.

अलीमियाँ कॅसेट घेऊन परतले. भाभींचं उत्तर यूनुसभाई नेहमी दुरुस्तीला आलेल्या एखाद्या गाडीत काचा लावून एकटेच ऐकत. त्या दिवशी गाडी माझी होती.

“शेठ, तुम्ही पण बसा. आज एकट्याने ऐकवणार नाही.”

बटण दाबलं. गिटार नाही, भाभी. कौलं बदलली, नबिला पास झाली, म्हैस व्याली. कॅसेट उलटली, तरी भाभीच. यूनुसभाईंचा चेहरा एवढासा झाला. मला आधी भाभींचा राग आला, मग यूनुसभाईंचा, आणि मग माझाच. त्या गाण्यांना मी किती नावं ठेवली होती!

शेवटी भाभी म्हणाल्या, “नबिलाचे अब्बा, या वेळी तुम्ही काहीच का बोलला नाहीत? दोन्ही बाजू तीनदा ऐकल्या. अगदी शेवटच्या गाण्यात तुम्ही सापडलात. तेवढं ठेवते. त्याच्यावर बोलायला माझं मन होत नाही. खुदा हाफिज.”

खट्ट असा आवाज झाला. मग ती सतार, ती गिटार, आणि त्यांच्यावरून बेसूर, खुशीत गुणगुणणारे यूनुसभाई.

ते रडत होते. मी काचेबाहेर टायरांच्या ढिगाकडे बघत बसलो. माझेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू?

गाणं संपलं. त्यांनी कॅसेट बाहेर काढली, खिशातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि कडेचे दोन्ही तुकडे कटकन मोडून टाकले.

“खलास.”

“अहो, पण ते स्वच्छ भरून घ्यायचं होतं ना?” मी विचारलं.

“राहू दे, शेठ,” नाक पुसत ते म्हणाले. “तिला हेच आवडलंय.”