मुकी मालिश

सुभद्राचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू होतो. भाकऱ्या थापून ती अर्नाळ्याहून पहिली बस पकडते आणि साडेसहाला आचोळ्यात पहिलं बाळ पायांवर घेते. बावीस वर्षं ती तान्ह्या बाळांना मालिश करून न्हाऊ घालते आहे. एका बाळाला पाऊण तास. पाहुणे आले, लाईट गेली, तरी पाऊण तास.

या कामात हातांइतकंच तोंड चालतं. "पाय दे बाय. दिलास? आता दुसरा." आणि बाळाला चौथा महिना लागला की ती रोज त्याच्या डोक्यामागे हात नेऊन काचेच्या बांगड्या वाजवते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बाळाने दोन्हीकडे मान वळवली की पुढचं काम. हे तिला सासूने शिकवलं.

कौस्तुभ आणि विनिता यांची उन्नती तीन महिन्यांची झाली आणि घरात नवा नियम आला. कौस्तुभने सुभद्राला समोर बसवून सांगितलं, "मावशी, सहा महिन्यांच्या बाळाला जगातल्या सगळ्या भाषांचे आवाज वेगळे ओळखता येतात. जे कानावर पडत नाहीत, त्यांची ओळख वर्षाच्या आसपास पुसट होते. म्हणून आत्ता काय ऐकते ते महत्त्वाचं."

"बरं."

"तुम्ही पाण्याला पानी म्हणता."

"पानीच तर ते."

"तेच! उद्यापासून काम गप्प राहून करा. बांगड्याही काढा. त्यांचा आवाज मध्ये येतो."

मध्ये म्हणजे फ्रेंचच्या मध्ये. कपाटावर नवा स्पीकर बसला होता. सकाळी त्यातून एक बाई फ्रेंचमध्ये फळांची नावं सांगे. दुपारी जर्मन आकडे. संध्याकाळी दहा मिनिटं शुद्ध मराठी. आईबापांनीही बाळाशी बोलणं कमी केलं, कारण त्यांचे उच्चार स्पीकरइतके चोख नव्हते.

सुभद्रा गप्प झाली. मुलीचं, हेमालीचं, बाळंतपण तोंडावर होतं. हे काम सोडून चालणार नव्हतं. पण मुकी मालिश जड जाते. बोलण्याने सैल होणारा पाय नुसत्या हातांनी सैल करावा लागतो. पाऊण तासाचं काम तासावर गेलं. तिने वेळ वाढवला, हात हलका केला नाही.

उन्नती मात्र गुणी निघाली. मिक्सर चालू असला तरी झोपायची. "काय एकाग्रता आहे!" कौस्तुभ म्हणे. सहाव्या महिन्यातही ती स्पीकरकडे ढुंकून बघेना, तेव्हा त्याने निदान केलं, "फ्रेंच आवडत नाही तिला. जपानी लावू या."

एका सकाळी न्हाणीत सुभद्राच्या तेलकट हातातून पितळी तांब्या फरशीवर पडला. बेडरूममधून विनिता धावत आली. सुभद्राच्या पायांवरची उन्नती आपल्या अंगठ्याशी खेळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुभद्रा बांगड्या भरून आली. डावीकडे वाजवल्या, उजवीकडे वाजवल्या. मान हलली नाही.

"ताई, पोरीला ऐकू येत नाय."

कौस्तुभ बाहेर आला. "मावशी, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाय. पन तुम्ही तीन महिने कोनाला शिकवताय, ते तरी बघा."

"उद्यापासून येऊ नका."

सुभद्राने उन्नतीचं अंग पुसलं, झबलं घातलं, आणि मगच ती गेली. तेवढं काम राहिलं होतं.

दुपारी कौस्तुभ ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना विनिताने पाळण्यामागे उभं राहून ताट वाजवलं. मग डबा. मग कुकरचं झाकण. शेजारच्या रोझमेरी दार ठोकायला आल्या, उन्नती वळली नाही. विनिताने बाळाची फाईल काढली. स्पीकरच्या वॉरंटी कार्डाखाली हॉस्पिटलचा कागद होता: जन्मानंतरची कानांची तपासणी करून घ्यावी. त्यावर कौस्तुभच्या अक्षरात लिहिलं होतं, 'नंतर.'

तपासणीत दोन्ही कानांनी खूप कमी ऐकू येतं असं निघालं. मात्र कानांना यंत्रं लावली तर ऐकू येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि दोघांना विचारलं, "घरी हिच्याशी बोलतं कोण?"

यंत्रं बसली त्या आठवड्यात कौस्तुभ स्वतः अर्नाळ्याला आला. दुसऱ्या दिवशी सुभद्राने उन्नतीला पायांवर घेतलं. "पाय दे बाय." पोरीचे हात थांबले. ती सुभद्राच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बोला मावशी, थांबू नका," कौस्तुभ म्हणाला.

"माझं पानी चालेल?"

"धावेल."

हेमालीचा स्वरूप तोवर चार महिन्यांचा झाला होता. त्या महिन्याच्या कमाईतून सुभद्राने त्याची विरारला यंत्रावर कानतपासणी करून घेतली.

"आई, हाकेला वळतो ना तो? कशाला खर्च?" हेमाली म्हणाली.

"एका कानाने पन वळतं मानूस."

दोन्ही कान चांगले असल्याचा कागद हातात आला, तेव्हाच ती बाकावरून उठली.