खरखर ऐकणारा माणूस

रेडिओवर गाणं लागलं की वैतागणारा आणि नुसती खरखर लागली की कान टवकारून बसणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. पोखर्णीच्या बाजूला त्यांचं शेत. गळ्यात कापडी पिशवी, पिशवीत जुना मीडियम वेव्हचा रेडिओ, आणि काटा मुद्दाम दोन स्टेशनांच्या मधोमध, जिथे कुणीच बोलत नाही अशा जागी लावलेला. वैशाख लागला की पिशवी गळ्यात पडायची ती दिवाळीच्या तोंडावर निघायची. आंघोळीला जातानाही ती दाराच्या खुंटीला लटकलेली असायची. लोक म्हणायचे, रेडिओ बिघडलाय, पण म्हाताऱ्याला कोण सांगणार? बिघडलेला तो नव्हताच. कुठेही वीज चमकली की तिच्यातून लहरी निघतात, त्या आवाजाच्या कितीतरी आधी पोचतात आणि रेडिओत 'खर्र' होतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी ऐकून ऐकून शोधलं होतं. "गडगडाट कानावर येईस्तोर माणूस मरून जातंय सर," ते मला म्हणायचे, "ह्यो आधीच सांगायलाय." एफएमवर ही खरखर येतच नाही, म्हणून त्याच्यावर त्यांचा भारी राग. "ते शिकल्यालं हाय. नको ते ऐकतच न्हाई."

एकदा बाभळीखाली भाकरी खात बसलेल्या खुरपणाऱ्या बायांना त्यांनी काठी आपटत हुसकून लावलं. बायांनी त्यांचा यथेच्छ उद्धार केला. अर्ध्या तासात तीच बाभूळ उभी चिरली. त्या दिवसापासून त्या बाया त्यांच्यापुढे पदर सावरून उभ्या राहू लागल्या. पण म्हणून काही सगळीच कामं फत्ते झाली नाहीत. पिंगळीला पुतण्याच्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी भटजींच्या हातातला माईक ओढून घेऊन ते म्हणाले, "लोखंडी खांबापासून उठा, समदे शाळंत चला." तीनशे वऱ्हाडी दोन खोल्यांत कोंबले गेले. बाहेर नुसती वावटळ आली, जिलबीत माती पडली, थेंबसुद्धा आला नाही. वीज पडली नाही म्हणून माणसं रागावलेली मी तेव्हाच पाहिली. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, पदरात तोंड लपवून हसत होती. नवऱ्याचं हे खूळ तिनं जन्मभर लाडानं सांभाळलं.

आता मी पडलो परभणीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. गप्प बसवेल कसं? दिवस बुडल्यावर रेडिओ फारच तडतडतो आणि ते उगीच घाबरतात, असं अक्का म्हणाली, तेव्हा मी त्यांना समोर बसवून धडाच दिला. उन्हामुळे वर आभाळात एक थर तयार होतो, तो दिवसा या लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो विरून जातो, मग त्याच्या वरच्या थरावर आपटून शेकडो कोसांवरच्या विजांची खरखर आपल्यापर्यंत येते. ते लहान मुलासारखे ऐकत राहिले. "मंजी दिवस बुडल्यावर ह्याचं ऐकायचं न्हाई?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "भ्यायचं कारण नाही." जवळची खरखर आणि लांबची खरखर कशी ओळखायची, हे मी सांगितलं नाही. मलाच ते नीट माहीत नव्हतं.

परवाच्या आश्विनात मी आणि बायको त्यांच्याकडे गेलो होतो. बायको आत स्वयंपाकात, साडू आणि मी ओट्यावर. दिवस नुकता बुडालेला, ढग लांब दिसत होते, रेडिओ तडतडत होता. सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री टाकायला अक्का निघाली. ते उठून उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले. मी हसून म्हणालो, "लांबची आहे हो. जाऊ द्या त्यांना." ते खाली बसले.

अक्का परत आली नाही. ढिगाशेजारीच सापडली, हातात ताडपत्रीचं टोक होतं.

तिसऱ्या दिवशी सगळे पाहुणे एकच विचारत होते, तुमचा रेडिओ त्या दिवशी कसा बोलला नाही? माझी बायकोही तिथेच, भिंतीला टेकून बसली होती. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "सेल संपले होते." लोकांनी त्यांनाच बोल लावला. जन्मभर गावाला सांगत फिरला आणि घरात सेल टाकायची शुद्ध नव्हती, असं माझी बायकोही रडत रडत म्हणाली. ते ऐकून घेत राहिले. मी तोंड उघडलं नाही. इतका भेकड मी असेन असं मला वाटलं नव्हतं.

हल्ली ते शेतात फारसे जात नाहीत. पण दिवस बुडाला आणि रेडिओ तडतडला की त्यांचा फोन येतो. इकडे परभणीत आभाळ निरभ्र असतं. "सर, घरातच हायत ना? भाईर निगू नका," एवढंच म्हणतात. मी "आत आहे" म्हणतो आणि फोन खाली ठेवतो. दाजी रोज तुम्हालाच का फोन करतात, असं बायको विचारते. सवय आहे त्यांची, मी म्हणतो. तेव्हा मागितले असते तर सेल आपणच नेऊन दिले असते, असं ती अजूनही म्हणते, आणि मी गॅलरीचं दार लावून घेतो.